रुंद बुडाची होडी

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या. तेरणेच्या धरणावर भर दुपारी घडलेली गोष्ट सांगतो. थोडकीच आहे, पण कान देऊन ऐका, कारण सगळी गोष्ट कानाचीच आहे.

होडी धरणाच्या मध्यावर आली तरी बलभीमच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. सकाळीच त्याचा मुलगा रणधीर काठावरची दुसरी होडी पसंत करून कारखान्यावर कामाला गेला होता. ती अरुंद, टोकदार नाकाची. वारा लागला की पळायची. ही मात्र रुंद बुडाची, बेताच्या शिडाची. धरणाचं पाणी आडवं आल्यापासून बलभीमचं घर अलीकडं आणि शेत पलीकडं. आता एकच होडी घ्यायची आणि कडबा, दुधाच्या कॅना, जत्रेला निघालेली चिल्लीपिल्ली, सगळं तिच्यातूनच न्यायचं. रोज तिच्यात बसणार होती सून दीपमाला. निवड चुकली तर ती तिला पाण्यात भोगावी लागणार. म्हणून तो सुनेला घेऊनच पारख करायला आला होता.

"महांतप्पा, ही होडी हाय का परात?" त्यानं विचारलं.

होडी बांधणारे म्हातारे महांतप्पा हसले. "परातच बरी की ओ. ताटात कणीक मळता येती व्हय?"

महांतप्पा मूळचे सीमेपलीकडचे, भीमाकाठचे. मराठी बोलायचे, पण कानडीच्या ठेक्यात. त्यांच्या मंडळी गिरिजाबाई काठावर उभ्या होत्या. इतकी वर्षं इकडं काढूनही त्यांच्या जिभेवर मराठी काही बसली नव्हती.

दीपमालाच्या हाती सुकाणू होतं, बलभीमच्या हाती शिडाचा दोर. दोर ओढला की होडी धावते, सैल सोडला की थंडावते, एवढं शिकवून झालं होतं. वळायचं कसं, ते दाखवायला महांतप्पा उभे राहिले.

तेवढ्यात वारा फिरला. शीड फडफडलं, या अंगाचं त्या अंगाला गेलं आणि त्याच्या खालची आडवी काठी महांतप्पांच्या कानशिलावर बसली. ते पाण्यात गेले. फारसा आवाजही झाला नाही.

होडी थांबली नाही. दीपमालानं मागं पाहिलं. नुसत्या लाटा. ऊन पाण्यावर असं तळपत होतं की नजर ठरेना. होडी एका अंगावर कलली, पाणी कडेला लागलं. पोहता ना बलभीमला येत होतं, ना सुनेला. बलभीमच्या मनात आलं, दोर सोडून द्यावा, शीड पाडावं, होडी जाईल तिकडं जाऊ द्यावी. गेलेल्या माणसाला आता कुठं शोधायचं? लोकाच्या पोरीला तर जगवू. त्याची मूठ सैल पडू लागली.

काठावरून हाक आली. गिरिजाबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरून ओरडत होत्या. निम्मी हाक वाऱ्यानं खाल्ली. पोचलं ते एवढंच, "हाय... हाय..." दोन्ही हात वर उचलून त्या खाली दाबत होत्या. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"त्यास्नी दिसले," बलभीम म्हणाला. "हाय म्हणत्यात. तिथंच खाली हायत. पोरी, फिरव."

मूठ पुन्हा आवळली. दीपमालानं अंगाचा भार टाकून सुकाणू रेटलं. होडी करकरली, वळली, पाणी आत येऊन पावलांशी साचलं. अरुंद होडी असती तर तिथंच पालथी झाली असती. ही आपल्या बुडावर बसून राहिली. बलभीम पाण्यावरची नजर काढत नव्हता. नाम घ्यावं तसं पुटपुटत होता, हाय म्हणत्यात, हाय म्हणत्यात. आणि एका लाटेच्या पोटात त्याला फुगलेलं पांढरं धोतर दिसलं.

दोघांनी आधी धोतराला, मग बखोट्याला धरून म्हाताऱ्याला वर ओढलं. होडी त्यांच्या बाजूला लवली, कड पाण्याला टेकली, पण उलटली नाही. महांतप्पा पाणी ओकले, खोकले, मग श्वास लागला.

काठावर उतरताना बलभीमनं होडीला हात लावून तो कपाळाला लावला. निवड झाली होती. मग तो थेट गिरिजाबाईंच्या पाया पडला. म्हणाला, मावशी, आमी भिऊन शीड सोडणारच होतो. तुम्ही हाय, हाय म्हणून सांगितलं नसतं तर मागं फिरलोच नसतो.

गिरिजाबाईंना काही उमगेना. त्यांनी आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या आपल्या सुनेकडं, शिवप्रियाकडं पाहिलं. शिवप्रिया कानडीत सांगू लागली आणि मध्येच थबकली.

"काका, आत्याबाई 'हाय' म्हणतच नव्हत्या. 'हायी' म्हणत होत्या. आमच्यात शिडाला हायी म्हणतात. शीड उतरवा, शीड उतरवा, असं वरडत होत्या."

बलभीमनं महांतप्पांकडं पाहिलं. मग महांतप्पा त्यांना दिसले तरी कुठून, त्यानं विचारलं.

शिवप्रियानं सासूला विचारलं. गिरिजाबाईंनी ओल्या पदरानं नवऱ्याचं डोकं पुसता पुसता दीपमालाकडं पाहिलं आणि हळू आवाजात दोनच वाक्यं बोलल्या. ती शिवप्रियानं मराठीत आणली.

"दिसलेच नव्हते. त्या म्हणत्यात, माझा माणूस गेला असं समजूनच मी वरडत होते, होडीत लोकाची लेक होती, ती तरी वाचावी म्हणून."

मायबापहो, ओठावर देवाचं नाव येईल तेव्हा एवढं करा, त्यातला एक श्वास गिरिजाबाईंच्या आठवणीला ठेवा.