शहाण्णव अंश

बाबांच्या हातात कप दिला आणि कॉफी मशीनवरच्या आकड्याकडे माझं लक्ष गेलं. नव्या बिया जास्त भाजलेल्या, म्हणून तापमान कमी कर असं त्यांनी बजावलं होतं. मी नेमकं वाढवून ठेवलं होतं. शहाण्णव अंश! एका अंशाच्या फरकावरून कॉफी बेसिनमध्ये ओतणारे आमचे बाबा. आता माझी धडगत नव्हती.

बदलून देते म्हणेपर्यंत त्यांनी घोट घेतलाही.

"छान झालीय."

मशीनखाली सांडलेला थेंब मी जिभेवर ठेवला. कडूजहर!

"बाबा, कडू नाही लागली?"

"छे गं. साखर तेवढी उद्या कमी घाल."

बाबांच्या कॉफीत साखर कधीच नसते. आजही नव्हती.

ते शांतपणे दुसरा घोट घेत होते. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, ओरडा ना माझ्यावर!"