नानांच्या हातातली बंदूक

“ही बंदूक कुणी दिली नानांच्या हातात?” आमटीचा डाव तसाच हातात घेऊन मी मांडवाबाहेर आले. नानांच्या तेराव्याला दादाने लावलेल्या फ्लेक्सवर आमचे वडील बंदूक रोखून उभे होते. तोंड त्यांचं, बाकी धड भलत्याच कुणाचं.

दादा दबक्या आवाजात म्हणाला, “पाहुणे ऐकतायत. फौजेत आचारी होते, असं लिहू का?”

“लिही की! नाना स्वतः पारावर छाती फुगवून सांगायचे. तोफा धडाडत असताना बर्फात चूल विझू दिली नाही त्यांनी. लढायला निघालेल्या पोरांच्या पोटात गरम घास पाहिजे, म्हणायचे. आई गेल्यावर त्याच हातांनी तुला भरवलं, आणि तुला त्यांची लाज वाटते?”

दादा गुमान पंगतीत जाऊन बसला. फ्लेक्स तसाच राहिला.

नानांनी फौजेतून आणलेल्या त्याच डावाने मी पंगत वाढू लागले. दादाच्या पानापाशी आले आणि न थांबता पुढे गेले.

“अगं, मला आमटी?”

“त्या बंदुकीला सांग वाढायला.”