टोव्हार सरांचं पुस्तक

कॅलिफोर्नियात द्राक्षं पॅक करण्याची नोकरी सांभाळून ओफेलिया दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात इतिहास शिकली. तिसऱ्या वर्षासाठी तिला विद्यापीठात प्रवेशही मिळाला. पण तिथला कारकून म्हणाला, “शेतमजुरांच्या इतिहासाचे कॉलेजातले मार्क आम्ही धरत नाही, मॅडम. तो विषय इथे पुन्हा करा. आमचा दर्जा वेगळा.” त्याने विद्यापीठाचं पाठ्यपुस्तक पुढे सरकवलं. मुखपृष्ठावरचं नाव वाचून ओफेलियाचं डोकंच फिरलं. “अहो, हेच टोव्हार सर आम्हाला शिकवत होते! त्यांचं पुस्तक चालतं आणि शिकवणं चालत नाही?” “नियम आहे.” “मग नियम करणाऱ्यांना बोलवा.” ती खुर्चीत ठाण मांडून बसली. तासाभराने विभागप्रमुख बाई आल्या. पुस्तक बघून वरमल्या. तिचे कॉलेजातले मार्क धरायच्या अर्जावर सही केली. “झालं तुमचं काम. या आता.” “आणि माझ्या वर्गातून इथे आलेल्या बाकी अकरा जणांचं?” ओफेलिया उठली नाही.