सासूबाईंची डुलकी

भोरच्या जहांगीरभाईंच्या हातबाहुल्यांच्या खेळात सासू जावयाला झापता झापता मध्येच त्याच्या खांद्यावर कलंडून घोरायला लागायची, आणि जावई केकाटायचा, "मामी, निजला व्हय?" खेळभर हेच चालायचं. सासूला नाचवणारी त्यांची बायको वारली, ती बाहुली लेकीच्या, तरन्नुमच्या हाती आली, आणि तिनं सगळ्यात आधी ती डुलकीच काढून टाकली.

"अब्बा, लई जुनं झालंय त्ये. आता कोन हसतंय?"

अब्बा नुसतं "बरं" म्हणाले.

विंझरच्या शाळेत तिचा पहिला खेळ. पडद्याआड हात उंच धरून तरन्नुमनं जावयाला असं काही फैलावर घेतलं, की पोरं बाकांवर चढली. पण निम्म्या खेळातच तिचा दंड भरून आला, बोटं थरथरायला लागली. वर सासूबाई लटपटल्या.

तेवढ्यात अब्बांच्या हातावरचा जावई सरकत जवळ आला. "मामी, निजला व्हय? टेका की हितं."

सासूबाई कलंडल्या. तरन्नुमच्या हाताचा सगळा भार अब्बांनी आपल्या हातावर घेतला. बाहेर पोरं हसून हसून लोळत होती.

अब्बा हळूच म्हणाले, "तुज्या अम्मीचाबी हात असाच भरून यायचा."