मौनातली पावलं

कारगिल विजय दिवसाला निफाडजवळच्या त्या गावात शाळेच्या मैदानावर गावच्या शहीद जवानांच्या फोटोंना हार घालायचा कार्यक्रम व्हायचा, पण कुसाबाई कधी गेल्या नव्हत्या. त्यांचा तुषार सियाचीनला बर्फाखाली दबून गेला, तेव्हा शवपेटी उघडू दिली नव्हती. "मी तोंड नाय पाह्यलं, मी हार घालणार नाय," असं त्या म्हणायच्या. यंदा सून हर्षालीनं हट्ट धरला, म्हणून त्या आल्या आणि त्यांनी लेकाच्या फोटोला हार घातला.

माजी सुभेदार सोमनाथभाऊंनी सगळ्यांना मौन पाळायला सांगितलं. माना खाली गेल्या.

तेवढ्यात मागून बुटांचा आवाज आला. मैदानात पावसानं चिखल झाला होता, पण ती पावलं मिठावरून चालल्यासारखी करकर वाजत होती.

कोणीतरी उशिरा आलं असेल, असं हर्षालीला वाटलं. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून मागं पाहिलं. मागच्या बाया कोणाला तरी वाट द्यावी तशा बाजूला सरकत होत्या, पण मधल्या जागेत कोणीच नव्हतं. समोर सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आवाज दोघींच्या पाठीशी येऊन थांबला. मानेला बोचरा गारठा लागला.

"आत्याबाई, मागं पाहू नका," हर्षाली पुटपुटली.

कुसाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुषार, तूच हाय का रे?"

अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात उत्तर आलं, "आई, कोण गेलं गं?"