पंढरीच्या बापाचं मरण

"बाप मारावा लागेल," निबंध वाचून भाऊ दामले मास्तर म्हणाले.

पंढरी दचकला. "कुणाचा?"

"तुझाच की. कागदावर रे! साहेबाला रडू फुटलं पाहिजे."

ठाण्याच्या शाळेत मास्तरकी करता करता भाऊ पोरांचे इंग्रजी निबंध नीट करून द्यायचे. मुंबईच्या एका कॉलेजात अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध धाडावा लागे, आणि बाप नसलेल्या एकाच पोराला फी माफ होई. अठराशे शहाऐंशी साली कोलशेतचा पंढरी मॅट्रिक झाला. त्याचा बाप राघो मिठागरावर राबायचा. माफी मिळाली तर कॉलेज, नाहीतर पंढरीही मिठागरावर.

राघो लगेच तयार झाला. "मारा मना. पन मी मेलो कसा, ता तरी सांगा."

"खाडीत बुडून."

"मी? बुडून?" राघो चिडला. "खाडीवरचा मानूस मी, गावात तोंड कसा दाखवू? वाघाकडून मारा."

"साहेबाला वाघ खोटा वाटेल."

शेवटी राघो बुडालाच.

निबंध इतका रंगला, की विधवेचं सांत्वन करायला खुद्द प्रिन्सिपॉल साहेब निघाले. भाऊ धापा टाकत खबर घेऊन आले. मागोमाग साहेबांचा टांगा गावाच्या वेशीवर दिसला.

"ठमाबाई, कुंकू पुसा! बांगड्या उतरवा!"

"तुमच्या बायकोला सांगा पुसायला!" पंढरीची आई फणकारली. "जित्ता नवरा हाय माजा."

"मग राघो, तू तरी लप!"

राघो पुटपुटत मिठाच्या गोणींमागे गेला. पंढरी आत-बाहेर, आत-बाहेर करत होता. तेवढ्यात साहेब आले, घोंगडीवर बसले आणि पुस्तकी मराठीत मृताचं गुणगान करू लागले. कष्टाळू, सत्यवचनी, थोर मनाचा पुरुष! जन्मात कुणी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं. नीट ऐकू यावं म्हणून राघो गोणींमागून बाहेर आला आणि बायकोशेजारी टेकला.

साहेबांनी आधी ठमाबाईचं कुंकू पाहिलं, मग राघोला.

"हे गृहस्थ कोण?"

शेजारी म्हणून बसलेले भाऊ झटकन पुढे सरकले. "बाईंनी पाट लावला, साहेब. हा दुसरा नवरा."

ठमाबाईनं तोंडात पदर कोंबला. राघोला क्षणभर स्वतःचाच राग आला.

साहेब मात्र ताडकन उठले आणि राघोचा हात गदागदा हलवू लागले. "विधवेचा पुनर्विवाह! धन्य! सुधारक नुसती भाषणे करतात, आपण करून दाखविलेत!"

पंढरीनं श्वास सोडला. जागा पक्की!

"फार आनंद झाला," साहेब म्हणाले. "मुलास पुन्हा पिता लाभला. तेव्हा माफीची जागा आता दुसऱ्या मुलास देणे प्राप्त आहे."

पंढरी मटकन खाली बसला. "कुणाला, साहेब?"

"ठाण्याचाच आहे. उत्तम दामले. वडील शाळामास्तर होते, पटकीने वारले." साहेब भाऊंकडे वळले. "आपण त्यांना ओळखत असाल."

भाऊंनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं.

"फार भला माणूस होता, साहेब."