मशीनपुढं कसली लाज

"'लई' नको, 'खूप' म्हणा," फोनमधली सोनिया सपाट आवाजात म्हणाली. "पुन्हा सांगा."

"खूप वर्सं काम केलंय," गोकुळ कंटाळून म्हणाला.

फुलंब्रीहून तो रोज डबा घेऊन कामाला म्हणून निघायचा आणि शहरातल्या एका बागेत बाकावर येऊन बसायचा. अर्धी हयात त्यानं वाळूजला इंजिनाचे व्हॉल्व्ह घासले. विजेच्या गाड्यांना इंजिनच नाही म्हटल्यावर मालकांचं गरज सरो अन् वैद्य मरो. आता बॅटरीच्या कारखान्यात जागा निघाल्या होत्या, पण मुलाखत द्यायची होती. त्याच्याबरोबरच काढलेल्या अप्पारावनं सरावासाठी हा नंबर दिला होता. पलीकडं माणूस नाही, मशीन. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! बँकेच्या फोनवरच्या मशीनला गोकुळची बोली कधी कळली नव्हती. हिला मात्र सगळं कळायचं.

"कॉम्प्युटर येतो?"

"नाय."

"'शिकतोय' म्हणा."

"ह्या वयात काय काय शिकू, बाई?"

"पुढचा प्रश्न. आधीची नोकरी का सोडली?"

गोकुळचा धीर सुटला. मशीनपुढं कसली लाज!

"सोडली नाय, काढलं मला. घरी अजून सांगितलं नाय. माझी बायको सुरेखा शहागंजला ब्लाऊज शिवायला जाती. तिला वाटतं, मी कंपनीतच हाय. तिच्या नजरेतून उतरलो तर जगू कसा?"

पलीकडं शांतता. मशीन अडकलं असावं.

"जेवलात का?" सोनियानं विचारलं.

गोकुळला हसू आलं. "व्हय. तुला हे बी शिकवलंय व्हय? उद्या मुलाखत हाय. जमंल का मला?"

"जमेल. मान खाली घालू नका."

त्यानं फोन ठेवला. खूप दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं.

शहागंजात एका दुकानाच्या माडीवर, ब्लाऊज शिवायला जाते म्हणून घरातून निघालेल्या सुरेखानं हेडफोन काढले. इथली बोली मशीनला कळेना, म्हणून कंपनीनं इथल्याच बायका बसवल्या होत्या. त्या ऐकून टाइप करायच्या, आवाज तेवढा मशीनचा. गोकुळचा फोन ती दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसे.

डोळे पुसून तिनं अप्पारावला फोन लावला.

"भाऊजी, उद्या मुलाखतीला जायलेत ते. तेवढं ध्यानात ठेवा, नंबर मी दिला होता, हे ह्यांला कधीच कळू देऊ नका."